टेकडीवरचा शेवटचा नळ

घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत अजूनही म्हणतात, की वरच्या खोलीतल्या मावशींनी हंड्यात लबाडी केली आणि सगळ्यांचं पाणी घालवलं. मावशींना जाऊन बरीच वर्षं झाली. खरं काय झालं ते सांगायला मी फार उशीर केला आहे.

ऐंशीच्या दशकात मी पाणी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. टेकडीच्या पायथ्याशी बैठी घरं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येकाला नळजोडणीची घाई. पाइप मात्र तोच. म्हणून मी एक नियम केला होता. एक इमारत जोडायची, महिनाभर थांबायचं, मग सगळ्यात उंचावरच्या नळाखाली रिकामा हंडा ठेवून घड्याळ लावायचं. दहा मिनिटांत भरला, तर पुढच्या इमारतीला जोडणी. नाही भरला, तर तिने थांबायचं.

"एका म्हातारीच्या हंड्यासाठी आमची बिल्डिंग अडवता का राव?" एक बिल्डर म्हणाला होता.

"हो, तिच्याच," मी म्हणालो होतो. मोठ्या ऐटीत.

तो नळ मावशींच्या दारात होता. मावशी मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी सुटलेली. मी धापा टाकत वर पोचलो की म्हणायच्या, "येवा साहेबानू. पाणी खंय पळान जाता? आधी बसा." मग त्यांचा तांब्याचा हंडा माझ्यासमोर उपडा करून दाखवायच्या आणि नळाखाली ठेवायच्या. धार आधी बुडाशी टणटण वाजायची, मग आवाज दबत जायचा, गळ्याशी पाणी आलं की बारीक व्हायचा. पुढे पुढे मला घड्याळाची गरजच उरली नाही. चहा पितापिता कळायचं.

तिसऱ्या इमारतीनंतर हंडा जेमतेम दहा मिनिटांत भरला, म्हणून चौथी जोडली. पाचवी इमारत आमच्या सोसायटीची होती, तिथे मी घर नोंदवलं होतं. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. साकीनाक्याला एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो, पाण्याला सार्वजनिक नळ. बायको हसत म्हणायची, "अहो, जगाच्या बिल्डिंगा जोडाल, आपलीच तेवढी अडवून ठेवाल. ओळखते मी तुम्हाला."

चौथी जोडून महिना झाल्यावर हंडा मोजायला वर गेलो, तर हंडा आधीच नळाखाली होता. "आज सगळा तयार ठेवलंय," मावशी म्हणाल्या. मी नळ सोडला. धार पडली ती दबक्या आवाजातच. टणटण झालीच नाही. बुडाशी आधीच पाणी होतं. खात्री करायला हंडा हाताने नुसता कलता करायचा होता. मावशी हंड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पदराचं टोक बोटांत धरलेलं.

मी घड्याळाकडे बघितलं. वहीत 'नऊ मिनिटं' लिहिलं आणि चहा घेतला.

आमची इमारत जोडली गेली आणि उन्हाळ्यात पाणी वर चढेना. चाळीने मला बोलावून घेतलं. माणसं तावातावाने बोलत होती, तेवढ्यात मावशी पुढे आल्या. "साहेबांचो काय दोष नाय. मियाच कळशीभर पाणी आधी घातलंय. कोणीतरी सांगल्यान, नळ मंद दिसलो तर काढून नेतत."

"वा मावशी!" शेजारीण म्हणाली. "तुझ्या एका कळशीने अख्ख्या चाळीची वाट लावलीस की गं!"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "असू दे. त्यांना काय माहीत." लोकांना वाटलं, किती मोठं मन. मावशींनी मला हात जोडले.

वर पंप बसायला दोन वर्षं लागली. तोवर सगळी चाळ खालून पाणी भरत होती, आणि प्रत्येक खेपेला कुणी ना कुणी मावशींना टोमणा मारत होतं. आमच्या नव्या स्वयंपाकघरात बायकोने पहिल्या दिवशी नळाला हळदीकुंकू लावलं. रिकामं भांडं त्याच्याखाली गेलं की मी बाहेरच्या खोलीत जायचो.

एकदा मावशी पायऱ्यांवर भेटल्या. मी हंडा हातातून घेतला. दोन वळणांनंतर मला धाप लागली, तशा हसल्या. "ठेवा हो खाली, सवय नाय तुमका." मग हळूच म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर रागावलात नाय मां?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. तेवढंच.

गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेकडे गेलो. ती त्याच खोलीत राहते. तिला सांगितलं, "पाणी त्यांनी भीतीपोटी घातलं होतं. मला ते ऐकू आलं होतं. मी मुद्दाम हंडा बघितला नाही, कारण पुढची इमारत माझी होती."

ती म्हणाली, "त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, साहेबांनी सांभाळून घेतलं."

"मी हे लिहून देतो."

"मला काय करायचंय कागद? खाली सगळ्यांसमोर सांगा."

रविवारी चाळीची मीटिंग आहे. माझी स्मरणशक्ती आता भरवशाची नाही, म्हणून हे लिहून घेतलं. तिथे उभा राहून मोठ्याने वाचणार आहे. पायऱ्या एका दमात चढवत नाहीत, तेव्हा सकाळी लवकरच निघेन.