कोल्हीण बोलली त्या दिवशी

लिही गं, सावकाश सांगते. तुझ्या धाकट्या आजीची गोष्ट, म्हणजे माझ्या जावेची.

तो टीव्हीवर खेळायचा गेम माहितेय ना, ज्यात लाल कोल्हीण छपरांवरून उड्या मारते? तुझा बाप शाळेत होता तेव्हापासून चाललाय तो. आता अकरावा भाग आलाय म्हणे. तेरावा? बरं, तेरावा लिही. मला मेले सगळे सारखेच दिसतात. पण एवढं कळतं की ती कोल्हीण मोठी तोऱ्याची. कुणापुढे वाकत नाही, आणि इतक्या भागांत तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

गेमच्या दुकानात तिचं सोंग घेऊन दारात उभं राहायचं, पोरांशी हात मिळवायचे, फोटो काढू द्यायचे, हे काम माझी जाऊ करायची. साठीला टेकलेली बाई. अंगभर लोकरीचं कातडं, मागं शेपटी, वर ते भलंमोठं मुंडकं. मालकाची अट एकच, आत असताना बोलायचं नाही. ती म्हणायची, "ताई, जन्मभर फुकट बडबडले, आता गप्प बसायचा पगार मिळतो."

मुलाला मात्र सांगितलेलं, एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मुलगा कचेरीत लागलेला, इस्त्रीच्या कपड्यांत फिरणारा. त्याला कळलं तर चारचौघांत मान खाली जाईल त्याची, ही धास्ती तिला कायम.

आणि एके दिवशी तोच आला दुकानात. साहेबांच्या मोठ्या मुलाचा वाढदिवस, सोबत साहेब, त्यांची बायको, पोरांचा घोळका. ही आत घामाघूम. तरी कमरेवर हात ठेवून तोरा दाखवला, मुलाच्या शेजारी उभी राहून फोटोसुद्धा काढला. त्यानं ओळखलं नाही.

मग साहेबांचं धाकटं पोर पळता पळता फरशीवर आपटलं. भोकाड पसरलं त्यानं. आणि ही बया विसरली आपण कोण आहोत ते. फतकल मारून बसली, त्याला मांडीवर ओढलं आणि पंजानं फरशीला मारायला लागली. "हत्त तुला. माझ्या राजाला पाडतेस? थांब, बघतेच तुझ्याकडं."

सगळी पोरं वळून बघायला लागली. कोल्हीण बोलली, तीही म्हातारीच्या आवाजात. मग जो हशा पिकला तो विचारू नकोस. एक चिमुरडी म्हणाली, "ही खोटी आहे." साहेबांना हसून हसून पाणी आलं डोळ्यांत. मुलाकडं बघून म्हणाले, "अरे, तुझा चेहरा का उतरला? ओळखीची आहे की काय?"

मुंडक्याच्या जाळीतून तिला तो दिसत होता.

"छे," तो म्हणाला. "माझ्या ओळखीची कुठली." आणि हसला.

तेवढ्यात मालक आला. "मावशी, आत चला. पुन्हा तोंड उघडलंत तर यायचं नाही." सगळ्यांसमोर. शेपटी सावरत गेली बिचारी.

संध्याकाळी सगळं पिशवीत कोंबून माझ्याकडं आली. कातडं धुतलं, वाळत घातलं, पण घरी जायचं नाव घेईना. म्हणाली, "ताई, खोटं आधी मी बोलले. त्याला कशाला बोल लावू?"

"तू त्याचा मान राखायला बोललीस. तो कुणाचा राखत होता?"

भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

सकाळी मुलगा दारात. माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकू, ते... ते वाळलं का?" नाव घेववेना त्याला.

"कातडं वाळलंय. शेपटी ओली आहे अजून."

तो दोरीखालीच बसला, मान गुडघ्यात घालून. आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. आतूनच विचारलं, "रात्री जेवलास का?"

"हो."

तेही खोटंच. तोंड सुकलेलं दिसत होतं की त्याचं.

शेपटी वाळल्यावर त्यानं कातडं खांद्यावर टाकलं, मुंडकं काखेत धरलं. मी पिशवी पुढं केली, तर घेतली नाही. मग आई बाहेर आली आणि दोघं दुकानाकडं निघाली. आई पुढं, हा चार पावलं मागं, भर बाजारातून. लोक वळून बघत होते. दोघांनी मान वर केली नाही.

साहेबांना त्यानं सांगितलं का, ते मला ठाऊक नाही बाई. विचारायची मलाच लाज वाटली.