दिनानाथकाकांचा चौकोन

वटारची प्रियल क्रीडा व्यवस्थापनात एमबीए करत होती. प्रकल्पासाठी तिने गावातलीच फुटबॉल स्पर्धा निवडली आणि तिथे कोण काय करतं याचा तक्ता मांडला. तारीख कोण ठरवतं, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

पप्पा म्हणाले, "भात कापल्यावर दिनानाथने वाल पेरला नाही, की स्पर्धा आहे असं समजायचं. मैदान त्याच्याच शेतात ना."

प्रियल चक्रावली. असलं काही एकाही पुस्तकात नव्हतं. ती दिनानाथकाकांकडे गेली.

"मला फुटबॉलमधलं काय कळतंय, बाय? मी कुठे काय करतो?" ते म्हणाले आणि भेंडी तोडत राहिले.

तक्त्यातला सगळ्यात वरचा चौकोन तिने त्यांना दिला. 'काम' या रकान्यात 'पेरत नाहीत' असं लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.