मास्टरशी भांडायची रीत

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली, की किस्से साठतातच. आमच्याकडे खेळापेक्षा भांडणांचे जास्त साठले.

खेळ तसा सोपा. एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि "मी आता अमुक करतो" असं म्हणत ती पुढे नेतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो, आणि फाशाच्याही वर मास्टर. आमचा मास्टर प्रसाद. भांडुपला त्याच्याच हॉलमध्ये आम्ही जमतो. एरवी तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे आपण चुकू शकतो ही कल्पना त्याला नवीन आहे.

*

विनू गोरेगावला शूटिंगचे सेट बांधतो. खेळात तो पैलवान. एकदा किल्ल्याचा दरवाजा आडवा आला.

"लाथ मारली. पडला," विनू म्हणाला.

"नाही पडला. सागवानी आहे."

"अरे, रोज पाडतात आमच्याकडे! एका लाथेत!"

"विन्या, तो तूच प्लायचा बनवलेला असतो!"

विनूला दरवाज्याचं काही वाटलं नाही, प्लायचं लागलं.

*

भांडणं फारच वाढली तेव्हा प्रसादच्या आईने, म्हणजे काकूंनी, नियम घातला. चहा गॅसवर चढला की भांडायला सुरुवात. कप समोर आले की संपलं, मग मास्टर म्हणेल ते खरं.

नियम झकास चालला. फक्त एकदा विनू हरायला लागला आणि मध्येच उठून आत गेला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "काकू, गॅस जरा बारीक करा ना, माझं अजून व्हायचंय!"

*

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. नियम दिसला की बोट ठेवायची सवय. एकदा नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून प्रसादच्या नाकासमोर धरलं. "बघ, काय लिहिलंय!"

प्रसादने शांतपणे पुस्तक घेतलं, आपल्या खुर्चीवर ठेवलं आणि आमच्या बाजूला येऊन बसला. "चालवू दे त्यालाच."

आम्ही सगळे पुस्तकाकडे बघत बसलो. शेवटी विनू अदबीने म्हणाला, "मास्टर, आम्ही गुहेत शिरू का?"

पुस्तक गप्प.

"चला रे, नाही म्हणाले नाहीत!"

*

मनोरीला दोन दिवस कॉटेज घेतलं, मजेत खेळायचं म्हणून. तिथे वाद निघाला की चिलखत घालून पोहता येतं का. विनूचं म्हणणं, येतं. प्रसाद म्हणे, शक्यच नाही. विनूने पाठीवर सगळ्यांच्या सामानाची बॅग लावली आणि समुद्रात निघाला. पाणी गुडघ्याला लागायच्या आतच एक चप्पल वाळूत रुतली, ती काढायला वाकला तर बॅगेसकट आडवा! आमचे सगळ्यांचे कपडे भिजले.

प्रसाद किनाऱ्यावरून ओरडला, "चपलेतून सुटत नाहीस, चिलखतात काय पोहणार!"

*

आमच्यातली चौथी सायली, मुलुंडला फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं पात्र चंद्री, चोरटी, चपळ, तोंडाळ. कित्येक वर्षं तिने तिला जपलं होतं. एका रविवारी चंद्री बुरुजावरून उतरायला निघाली. विनूची बडबड चालूच होती. प्रसाद म्हणाला, "उडी मारलीस. टाक फासा." फासा वाईट पडला. चंद्री मेली.

"मी आधी दोर बांधते म्हणाले होते," सायली म्हणाली.

"मी ऐकलं नाही. जे मी ऐकलं नाही, ते झालं नाही."

त्या दिवशी चहा आला, कप रिकामे झाले, तरी सायली तेच एक वाक्य म्हणत राहिली. मग फासे पिशवीत भरून निघून गेली आणि पुढचे काही रविवार आलीच नाही. प्रसाद म्हणायचा, "येईल गं ती," हे काकूंना. पण लिफ्टचा आवाज आला की दाराकडे बघायचा. मला खरंच भीती वाटत होती. सायली गेली असती तर आमचा रविवार गेला असता, आणि तिची प्रसादशी कॉलेजपासूनची दोस्तीही.

शेवटी विनूने तिला फोन केला. "चंद्रीचं दहावं तरी घालूया. घरचं माणूस नको का?"

ती आली. पर्स मांडीवरच ठेवून बसली. प्रसाद आपल्या नोंदी लपवायच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागून सांगू लागला, "नदीचा काठ. पिंड मांडलाय. समोर फांदीवर कावळा."

"कावळा सायली होणार," विनू म्हणाला. "मेलेलं माणूस तिचं आहे."

गोष्टीतली मुंगीसुद्धा प्रसाद कुणाला देत नाही. पण तो म्हणाला, "बरं."

विनूने हात जोडले. "चंद्रे, तुझ्या कुत्र्याला मी सांभाळीन."

"कावळा बसलाय," सायली म्हणाली.

मी म्हटलं, "ज्याच्या बुरुजावरून पडलीस त्या किल्लेदाराला आम्ही सोडणार नाही."

"मान फिरवली त्याने."

"तुझ्या नावाने देऊळ बांधू! प्लायचं नाही, दगडाचं!" विनू म्हणाला.

"पंख साफ करतोय."

काकू आतून मालवणीत ओरडल्या, "अरे, तिची खंयची इच्छा रवली ती बघा आधी!"

प्रसादने समोरचा पुठ्ठा बाजूला केला.

"दोर बांधते म्हणालीस," तो म्हणाला, "ते मी ऐकलं होतं."

सायलीने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"शिवला कावळा," ती म्हणाली.