दुमडून पाठवलेलं पान

मागच्या रविवारी अहमदपूरला जाऊन आले. नांदेडहून लोह्यावरून, एसटीने. काम एवढंच होतं, एका माणसाची माफी मागायची होती... आणि ती मागायला मी दोन महिने लावले.

तुम्हाला माहीतच आहे, वाचलेल्या पुस्तकांवर मी महिन्याअखेरी इथे लिहिते. लिहिते कसली, तोंडाला येईल ते बोलते, आणि तुम्ही 'ताई, बेधडक' म्हणून चढवता. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

त्या महिन्यात तीन पुस्तकं होती. एक कादंबरी, जिची पहिली शंभर पानं भन्नाट आणि मग लेखकालाच कंटाळा आलेला. एक आपल्याकडच्या रानभाज्यांवरचं, ते इतकं आवडलं की स्वयंपाकघरातच ठेवलंय. आणि तिसरं, एका रिटायर्ड कारकुनाने स्वतःच छापलेलं आठवणींचं पुस्तक... पोस्टाने आलेलं.

कोरं करकरीत पुस्तक, पण मधलं एक पान चांगलं ठळक दुमडलेलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत, 'सप्रेम भेट. दुमडलेले पान अवश्य पाहावे.' मला हसू आलं. लेखकमंडळी आपला आवडता उतारा असाच गळ्यात मारतात. त्यात पुस्तकाची पानं दुमडणाऱ्यांचा मला मुळातच राग... मी ते अंगठ्याने दाबून सरळ केलं आणि पुढे गेले.

पुस्तक वाईट नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात हे गृहस्थ विशीत होते, रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायचे. पुढे उस्मानाबादेतून लातूर हा नवा जिल्हा निघाला, ऑफिसातल्या कागदांची वाटणी झाली, तेव्हा जुनी हजेरीबुकं रद्दीत निघाली. ती जायच्या आत यांनी बसून सगळी नावं वहीत उतरवून घेतली. इथवर मी मन लावून वाचलं.

पण मग तीच नावं पुस्तकात... चाळीस पानं. खडी फोडणाऱ्या बायामाणसांची, गावासकट. दोन पानं बघितली आणि उरलेली एका चिमटीत उलटली.

पोस्टमध्ये लिहिलं की ही तर मतदारयादी झाली, कात्री लावली असती तर पुस्तक सुटसुटीत झालं असतं. तुम्ही भरपूर हसलात. मी दिवसभर खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी खाली त्यांची कमेंट आली. 'ताई, अभिप्राय वाचला. आभारी आहे. यादी लांबली हे खरे. पण कोणाचे नाव गाळावे ते मला ठरवता आले नाही.'

ते भांडले असते तर मी पण भांडले असते. त्या दिवशी शाळेत शिकवून घरी आले आणि पुस्तक पुन्हा काढलं. दुमडीची रेघ अजून दिसत होती.

त्या पानावर माझ्या आईचं नाव होतं. माहेरचं नाव, माहेरचं गाव. पुढे लिहिलेलं, 'वय चौदा. हिने अंगठा दिला नाही, सही केली.'

आई चार वर्षांपूर्वी गेली. दुष्काळात ती खडी फोडायला होती हे आम्हाला ठाऊक होतं, पण कामावर वाटायचे ती सुकडी खाल्ली एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. सही मात्र कुठेही इतकी जपून करायची की बँकेतली मागची रांग खोळंबायची. आम्ही भावंडं तिला त्यावरून चिडवायचो.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पण लाज वाटली... आज करू, उद्या करू, जाऊनच भेटू, असं करत दोन महिने गेले.

अहमदपूरला त्यांच्या घरी गेले तर चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. "ये माय, बस. प्रयागाची लेक ना तू." आई गेल्यावर मी इथे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलेलं. त्यातल्या तिच्या माहेरच्या नावागावावरून ओळखलं होतं.

"मग काका, पहिल्या पानावर तसं लिहिलं का नाही?"

"म्हणलं, आपुनच बघंल. सांगून टाकल्यावर काय गोडी राहती?"

त्या टोळीतल्या बौद्धवाड्याच्या बायांत सही करणारी ती एकटीच होती म्हणाले. थोरल्या भावाकडून शिकलेली. "पान फाटंल इतकं दाबून लिवलं पोरीनं. मुकादम हसला, तर त्याच्याकडं बघितलं बी न्हाई." हे मला आईने कधीच सांगितलं नव्हतं.

मी माफी मागितली. नीट, शब्द न गिळता. ते म्हणाले, "माफी कशाची? खरं तेच लिवलंस तू." आणि आतून पुस्तक घेऊन आले. दुसरी आवृत्ती, आठच दिवसांपूर्वी छापून आलेली.

हातात घेतल्याबरोबर कळलं. बारीक झालं होतं.

"तू म्हणलीस तसं केलं बघ. यादी काढून टाकली. आता लोकं वाचायलेत."

ते खरंच खूश होते. मी चहाचा कप खाली ठेवला. जुन्या प्रती आहेत का विचारलं, तर शेवटची मलाच पाठवली होती म्हणे.

येताना सोबत नेलेलं जुनं आणि त्यांनी दिलेलं नवं, दोन्ही पुस्तकं मांडीवर होती. नव्यात माझ्या आईचं नाव नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या आईचंही नाही. मी लगेच गेले असते तर ते थांबले असते, हे राहून राहून मनात येतं.

घरी येऊन ती चाळीस पानं वाचली. एकेक नाव, तोंडाने. पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे, हे माझं मत, आणि ते द्यायला फार उशीर झाला. काका, तुमचे आभार... आईचं पान त्याच रेघेवर परत दुमडलंय.

तुमच्यापैकी कुणाची आई, आजी, आत्या त्या दुष्काळात अहमदपूरकडच्या रस्त्यावर खडी फोडायला होती का? तिचं माहेरचं नाव आणि गाव खाली लिहा. यादी माझ्याकडे आहे, मी बघून सांगते.