तातेरावांनी भरलेली काडतुसं

तातेराव पलटणीतून घरी आले ते एका डोळ्यानं. बाहत्तरच्या उन्हाळ्यात जालना स्टेशनावर उतरले, तेव्हा कांताबाईंनी नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीकडं पाहिलं आणि विचारलं, "दुखून राह्यलं का?"

"न्हाई आता."

"मंग चला. भाकरी करून आल्ते मी."

टांगा करून दोघं मस्तगडातल्या घरी गेले. त्या डोळ्याचा विषय कांताबाईंनी आपणहून पुन्हा काढला नाही, आणि याचं तातेरावांना बरं वाटलं.

पलटणीत ते हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर होते. सरहद्दीवरच्या छावणीत दुरुस्त केलेली रायफल तपासून पाहताना एका काडतुसाची पितळी पुंगळी आतल्या आत फाटली, आणि नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या फटीतून मागं आलेला जाळ सरळ डोळ्यात गेला. दोष कोणाचा, ते कोणाला सांगता आलं नाही. काडतुसांची पेटी जुनी होती एवढंच.

घरी बसून माणूस गंजतो. मस्तगडातच मन्सूरभाईंचं बंदुकांचं दुकान होतं. रानडुकरं हाकलायला शेतकरी ठासणीच्या बंदुका बाळगत, त्या दुरुस्तीला तिथं येत. मन्सूरभाईंनी तातेरावांना बोलावून घेतलं. तातेराव लाकडी दस्ते बसवीत, घोडे घासून देत, नळ्या आरशासारख्या करून देत. मात्र दारूच्या डब्याला हात लावायचे नाहीत. काडतुसाचं गिऱ्हाईक आलं की उठून बाहेर जायचे. मन्सूरभाईंनी कधी कारण विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात दुकानात इंद्रभान गुरुजी आले. मूळचे हसनाबादचे, धुळाजी मेंढक्याचे चिरंजीव. बापानं मेंढरं राखून पोराला शिकवलं, आणि आता ते जालन्यात हायस्कूलला कवायत शिकवीत होते. नेमबाजीच्या क्लबात त्यांचं नाव होतं आणि परवान्यावर घेतलेली तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. त्यांनी निशाण्याचा कागद तातेरावांपुढं पसरला.

"भाऊ, हे बघा. नेम तोच, दम तसाच धरला, न् भोकं अशी, शिडीच्या पायऱ्यांवानी. माझा हात बिघडला म्हणायचा का रायफल?"

तातेरावांनी कागद उजेडात धरला. डाव्या डोळ्यानं कितीतरी वेळ न्याहाळला.

"हात बराबर आहे तुमचा, गुरुजी. हात हालला असता तर भोकं डावी-उजवीकडं गेली असती. ही खाली-वर गेलीत. म्हणजे एक गोळी जोरात जाते, एक दमानं. काडतुसं सारखी न्हाईत."

"मंग सारखी कुठं भेटतील?"

"भेटत न्हाईत. हातानं भरावी लागतात."

"तुम्ही भरून द्या."

"न्हाई," तातेराव म्हणाले आणि कागदाची घडी करून परत दिली.

मन्सूरभाई गल्ल्यावरून म्हणाले, "भरण्याचा परवाना आहे दुकानाकडं, तातेराव. क्लबचीही मंजुरी घेऊ." तातेराव पुन्हा दस्ता घासायला बसले.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट कांताबाईंना सांगितली. कांताबाई बियाण्याच्या गोदामात कामाला जायच्या. दिवसभर कपाशीचं बी निवडायचं, पोचट, फुटकं, किडकं बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. त्या पीठ मळत होत्या.

"तुम्हाला करावं वाटतंय का न्हाई, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

"वाटतंय. पण माझ्या हातच्या काडतुसानं दुसऱ्याचा डोळा गेला तर?"

"मी रोज बी निवडून राह्यले. निवडायला पोचट दाणा आधी वळखावा लागतो. ज्याच्यावर बेतलं न्हाई, त्याला काय कळणार काय टाकून द्यायचं ते? तुम्हाला कळंल."

तातेराव जेवले, आणि सकाळी गुरुजींच्या शाळेत गेले. मैदानावर पोरांची कवायत चालली होती. ती संपेतो निंबाखाली थांबले.

"भरून देतो," ते म्हणाले, "पण एक अट. चांदमारीवर गोळ्या झाडताना मी थांबा म्हणलं की थांबायचं. त्या घडीला का म्हणून विचारायचं न्हाई."

"बिलकुल मंजूर," गुरुजी म्हणाले.

काम मोठं नादाचं निघालं. वसंता लेथवाल्यानं लोखंडाचा साचा करून दिला. वापरलेली पुंगळी त्यात दाबली की पुन्हा मापात यायची. दारू जोखायला सराफ्यातून सोनाराचा काटा आणला. पुंगळ्या निवडायचं काम कांताबाईंनी आपणहून घेतलं. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर सूप घेऊन बसायच्या, एकेका पुंगळीच्या तोंडावरून नख फिरवायच्या, आणि जिथं नख अडखळलं ती पुंगळी बाजूला टाकायच्या. तातेरावांना भिंग लावून जी चीर दिसायची, ती बाईंच्या नखाला आधीच लागलेली असायची.

दारू त्यांनी हलकी धरून सुरुवात केली. थोडी काडतुसं भरायची, गावाबाहेर मुरमाच्या जुन्या खदानीत क्लबची चांदमारी होती तिथं जायचं, गुरुजींनी उडवायची, तातेरावांनी प्रत्येक पुंगळी उचलून तपासायची, मग पुढची किंचित वाढवायची. कधी फरक दारूचा निघे, कधी गोळी पुंगळीत किती खोल बसली त्याचा. दिवाळीपर्यंत गुरुजींच्या गोळ्या भाकरीएवढ्या जागेत पडू लागल्या. थंडी भरात आली तेव्हा भोकं तळहाताखाली झाकली जाऊ लागली. गुरुजी कागद घेऊन धावत यायचे, आणि दोघं खाली बसून शेतकऱ्यानं कणीस पाहावं तसं तो भोकांचा झुबका पाहायचे. आपल्या हातात अजून काहीतरी आहे, असं तातेरावांना फार दिवसांनी वाटू लागलं.

वैशाखात औरंगाबादला मोठी स्पर्धा होती. चैत्रातल्या एका दुपारी गुरुजी सरावाला आले. ऊन असं की खदानीतला मुरूम चटके देत होता. काडतुसांचा डबा उघड्यावर राहिला होता. गोळ्या एका जागी पडत होत्या, पण ती जागा हळूहळू वर सरकत होती. मग तातेरावांना दिसलं की गुरुजींना बोल्ट उघडायला तळहातानं ठोका मारावा लागला.

"थांबा," तातेराव म्हणाले.

गुरुजींनी पुढचं काडतूस भरलेलं होतं. गाल दस्त्याला लागला होता. "आज हात बसलाय, भाऊ. हे एवढं—"

"थांबा म्हणलं."

गुरुजींनी बोट चापावरून काढलं. काडतूस बाहेर घेतलं, रायफल खाली ठेवली आणि दूर झाले. का म्हणून विचारलं नाही.

तातेरावांनी आधीची पुंगळी उचलली. बुडाची ठिणगीची टोपी जास्तीच्या दाबानं चपटी होऊन कडेपर्यंत पसरली होती, आणि बुडाजवळ पितळेवर एक चकचकीत रेघ उमटली होती. पुंगळी तिथंच फाटायला आली होती. ती हातात घेऊन ते आहे तिथंच मुरमात बसले.

"काय झालं, भाऊ?" गुरुजींनी आता विचारलं.

"ही काडतुसं मी थंडीत जोखली. उन्हानं दारू तापली की तीच दारू जास्त भडकती. मला ठावं होतं, पण एवढा फरक पडंल असं वाटलं न्हाई."

"आणखी एक उडवलं असतं तर?"

"काही झालं नसतं, कदाचित. न्हाई तर माझ्यावानी पट्टी."

गुरुजींनी ती पुंगळी हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी हात देऊन तातेरावांना उठवलं. "सगळी मोडून टाका," ते म्हणाले. "पुन्हा भरू. उन्हात तपासू."

"स्पर्धा हातची जाईल, गुरुजी."

"जाऊ द्या. स्पर्धा दर वर्षी येती."

त्या वर्षी गुरुजी औरंगाबादला गेले नाहीत. क्लबातली मंडळी नावं ठेवीत होती, पण त्यांनी तातेरावांवर बोल येऊ दिला नाही. आख्खा उन्हाळा दोघं खदानीत तापले. दारू कमी केली, पुन्हा तळहातात मावणारा झुबका सापडेपर्यंत धीर धरला. डबा ओल्या गोणपाटात ठेवायचा आणि तापलेल्या नळीत काडतूस भरून वाट पाहायची नाही, हेही ठरवून घेतलं.

तातेराव एकदा जेवताना कांताबाईंना म्हणाले, "आमच्या पलटणीत बी असं ऐकणारं माणूस क्वचित. त्यानं बोट काढलं चापावरून. माझ्या शब्दावर."

"मंग तुमचं नशीब," कांताबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी."

पुढच्या वैशाखात औरंगाबादच्या स्पर्धेत इंद्रभान गुरुजी दुसरे आले. पहिला पुण्याचा कोणी होता, आणि गुरुजींनी त्याची मनापासून तारीफ केली. परतल्यावर ते आधी मस्तगडला आले. मन्सूरभाईंनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

रविवारी सकाळी गुरुजींनी तातेराव आणि कांताबाई दोघांना खदानीत नेलं. थोडी काडतुसं उरली होती. रायफल तातेरावांपुढं धरून ते म्हणाले, "घ्या. डावा खांदा लावा, डावा डोळा शाबूत आहे."

तातेराव मागं सरले. "माझं झालं ते झालं, गुरुजी."

"काडतुसं कोणी भरली?"

"मी."

"मी दोन वर्षं त्यांच्यामागं गाल लावून बसलो. बिनघोर. तुम्हालाच भरवसा न्हाई का?"

तातेरावांनी कांताबाईंकडं पाहिलं. त्या दगडावर पदर सारखा करून बसल्या होत्या. "पुंगळ्या मी निवडल्यात," त्या म्हणाल्या.

ते पालथे पडले. डाव्या खांद्याला रायफल परकी वाटत होती. गाल लाकडाला लागताच पट्टीखाली जुनी कळ आल्यासारखं झालं. त्यांनी दम धरला आणि चाप ओढला.

आवाज खदानीत घुमला. धूर विरला. त्यांनी डोळा उघडला आणि समोरचा बांध, कागद, बांधावरची बोरीबाभळ, सगळं जागच्या जागी दिसलं.

गुरुजी कागद पाहून आले. "मधल्या काळ्या गोलाच्या खालच्या कडेला लागलंय. चापाला झटका दिला तुम्ही."

"दिला," तातेराव म्हणाले. "गुरुजी, तुम्ही माझ्याकडं आलेच नसते तर मी आपला दस्तेच घाशीत बसलो असतो. लई उपकार झाले."

"माझे दोन्ही डोळे कुणामुळं आहेत, भाऊ? उपकाराचं राहू द्या. बोल्ट उघडा."

तातेरावांनी बोल्ट उघडला. तो लोण्यासारखा सरकला, पुंगळी टुणकन मुरमात पडली. कांताबाई उठल्या, ती उचलून तिच्या तोंडावरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगली आहे. मारा अजून."