पांढऱ्या जागेवरची पायवाट

भूगोलाच्या चौगुले सरांची आणि माझी पहिली भेट कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या नकाशांच्या खोलीत झाली. मी खुशाल टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या भूभागाच्या नकाशावर, चहाचा कप ठेवला होता. सरांनी तो उचलून खालची जागा आपल्या रुमालाने पुसली. "तिथं माणसं ऱ्हात्यात की," एवढेच ते म्हणाले.

टोपोशीटवर शेती पिवळी आणि जंगल हिरवे असते. दोन्ही नसेल ती जागा पांढरी. पुढे मी सरांच्या हाताखाली राधानगरीकडच्या एका गावाचा नकाशा केला, तेव्हा डोंगरमाथ्यावरच्या अशाच पांढऱ्या जागेवर बसल्या खुर्चीवरून 'पडीक' लिहून मोकळा झालो. सरांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली. गावाने तोच नकाशा धरून माथ्याला कुंपण घालायचे ठरवले, आणि धनगरवाड्यावरच्या सखूबाई थेट कॉलेजात येऊन थडकल्या.

"पडीक म्हनं! मग आमच्या म्हशी काय वारा खात्यात व्हय? झऱ्याची वाटच बंद हुतीया की!"

मी तोंड उघडण्याआधीच सर उभे राहिले. "बाई, चूक माझी हाय. सही माझी हाय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही वर गेलो. तीन दिवस सर छत्री टेकत म्हशींच्या मागून चालले. म्हैस थांबली की थांबायचे, आणि सखूबाई सांगतील ते नाव लिहायचे. कुरण, झरा, म्हशींची दुपारची सावली, सगळे कागदावर आले. मी कंटाळलो की सर खिशातले शेंगदाणे पुढे करीत, आणि माझ्या त्या 'पडीक'बद्दल एका शब्दाने बोलत नसत. नंतर भर ग्रामसभेत नवा नकाशा उलगडून त्यांनी पुन्हा तेच सांगितले, "चूक माझी हाय." कुंपण झऱ्याच्या वाटेपासून मागे सरकले.

ती चूक आजवर सरांच्याच नावावर आहे. सर, तुमच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी ती माझ्या नावावर उतरवून घेतो. मंडळी, 'पडीक' हा शब्द माझा होता.

हे वाचून तुम्ही रागवाल, हे मला ठाऊक आहे. खुशाल रागवा, पण त्यासाठी ठणठणीत राहा आणि शंभरी गाठा. तुमचे गुडघे बरे झाले की वर जाऊ. मी वर गेलो की सखूबाई दर वेळी विचारतात, "सर का आलं न्हाईत?"