मंद्रूपचा तवा आणि रोटीचं बटण

मी गेली सव्वीस वर्षं शाळेत चुंबकत्व शिकवतो, आणि त्यातलं मला फारसं काही कळत नाही, हे गेल्या मे महिन्यात एका तव्याने सिद्ध केलं.

सुरुवात झाली पंख्यापासून. आमच्या स्वयंपाकघरात छताला पंखा आहे. घर बांधलं तेव्हापासून आहे, दर दिवाळीला मी तो पुसतो, पण स्वयंपाक चालू असताना तो कधीच लागलेला नाही. पंखा लावला की गॅस फडफडतो, आणि गॅस विझला की सुनंदा (म्हणजे आमच्या सौ.) फडफडते. सोलापूरचा मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगतो, की इथे दुपारी टाकीच्या पाण्यात चहाची पावडर टाकली तर रंग सुटतो! अशा महिन्यात ती गॅससमोर उभी राहून ज्वारीच्या भाकरी करते आणि मी हॉलमध्ये पंख्याखाली बसून "झालं का?" असं विचारतो.

एक दिवस तिने उलथणं खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "चोवीस वर्षं झाली. मला एकदा तरी पंखा लावून स्वयंपाक करायचाय."

ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. शांत बोलली की मात्र घाबरतो. त्यात आठ दिवसांनी माझे सासरे, तात्या, मंद्रूपहून येणार होते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि नंतर आठवडाभर मुक्काम आमच्याकडेच. तात्यांना दोन्ही वेळेला ताजी, पातळ, टम्म फुगलेली भाकरी लागते. चपाती हे त्यांच्या मते आजारी माणसाचं खाणं, आणि डोळ्याच्या ऑपरेशनला ते आजार मानत नाहीत. म्हणजे आठवडाभर सुनंदा त्या भट्टीतच. मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की आपण इंडक्शन शेगडी घेऊ. जाळच नाही तर विझणार काय? लाव पंखा पाचवर!

तिचा चेहरा असा खुलला, की मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. (त्या महिन्यात तेवढं एकदाच.)

शेगडी निवडायला मी एकटाच गेलो. सुनंदा म्हणत होती मीही येते, पण मी तिला सांगितलं, की हा विज्ञानाचा विषय आहे. बरोबर एक वही घेतली आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक घेतला. दुकानात लागोपाठ तीन दिवस गेलो. वहीत रकाने पाडले: किती वॅट, काच कसली, वायर किती लांब, बटणं दाबायची की नुसतं बोट टेकवायचं. तिसऱ्या दिवशी मला येताना बघून दुकानदार आतल्या गोडाऊनमध्ये जाऊन बसला, पण मला वेळ होता. शेवटी दोन शेगड्या उरल्या. एक साधी, चार बटणांची. दुसरीवर बारा बटणं, आणि त्यातल्या एकावर चक्क लिहिलेलं, ‘रोटी’.

मी विचारलं, "यावर भाकरी होते का?"

तो थकल्या आवाजात म्हणाला, "सर, रोटी होते म्हटल्यावर भाकरी होणारच की."

माणूस सोलापूरचा. त्याच्या घरी रोज भाकरी होत असणार, पण ती करत असणार त्याची बायको. असे आम्ही दोघे, जन्मात एकदाही भाकरी न थापलेले पुरुष, काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो आणि एकमताने निर्णय घेतला. बारा बटणांची शेगडी घरी आली.

घरी आल्यावर भांड्यांची परीक्षा. ज्या भांड्याला चुंबक चिकटतो तेच या शेगडीवर तापतं, एवढं मला नक्की ठाऊक होतं. मी सुनंदाचा सगळा संसार फरशीवर मांडला आणि पट्टीचुंबक घेऊन रांगत फिरू लागलो. पितळेची पातेली नापास. अॅल्युमिनियमच्या कढया नापास. लग्नात आलेला स्टीलचा डबा पास झाला, पण त्यात कोण काय शिजवणार? शेंगाचटणीचा लोखंडी खलबत्ता तर पहिला आला. त्याखालोखाल दाराची कडी. चहाचं एक पातेलं काठावर पास झालं. आणि सगळ्यात शेवटी, खट् असा आवाज करून, चुंबक भाकरीच्या तव्याला जाऊन चिकटला.

हा तवा म्हणजे सुनंदाचा जीव. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून निघताना तिच्या आईने स्वतःच्या चुलीवरचा उचलून तिला दिलेला. काळाकुळकुळीत, मधे छान खोलगट, आणि वर्षानुवर्षं भाकरी भाजून असा तयार झालेला, की त्याला भाकरी कधी चिकटलीच नाही. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तो घासायलासुद्धा सुनंदा कुणाच्या हातात देत नाही.

मी तवा शेगडीवर ठेवला आणि रोटीचं बटण दाबलं. खोलगट तवा सपाट काचेवर बसणार कसा? तो डुलायला लागला. सुनंदाने भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मधोमध रुपयाएवढा डाग जळून कोळसा आणि बाकीची भाकरी कच्ची!

"भाकरीला तीट लावली की काय?" सुनंदा म्हणाली, आणि तवा उचलून पुन्हा गॅसवर ठेवला.

आता इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. पण मी वहीत आकृती काढली. शेगडी सपाट, तवा खोल. शेगडी खोल करता येत नाही. मग काय करता येतं?

ऑपरेशनच्या दिवशी सुनंदा सकाळीच तात्यांबरोबर दवाखान्यात गेली. मी तवा पिशवीत घातला आणि लोहाराकडे गेलो. त्याने तव्यावरून हात फिरवला आणि पिशवीकडे बघत म्हणाला, "लई जुना दिसतोय, सर. बाईस्नी इचारलंय न्हवं?"

मी म्हणालो, हा विज्ञानाचा विषय आहे. वहीतली आकृतीही दाखवली. त्याने आकृती उलटी धरून नीट पाहिली, सुस्कारा सोडला आणि तवा भट्टीत सारला. तासाभरात तवा पाटासारखा सपाट झाला. वरचा काळा लेप पापुद्रे होऊन गळून पडला आणि आतलं करडं लोखंड दिसायला लागलं. मला तो स्वच्छ झाल्यासारखा वाटला. (वाटला, हे कबूल करतो.)

दुपारी दोघं घरी आली. तात्यांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. त्यांना मी मानाने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिली, कारण आजचा सोहळा त्यांच्यादेखत व्हावा अशी माझी इच्छा होती. शेगडीवर तवा, तव्यावर नॅपकिन. शेजारी परात, परातीत सुनंदाने घेतलेलं ज्वारीचं पीठ. मी नॅपकिन ओढला.

सुनंदा बघतच राहिली. मग म्हणाली, "हा कुठला आणला?"

"आणला नाही. आपलाच आहे."

तिने तवा उचलला, मागे वळवला, पुन्हा पुढे वळवला. चिडली की ती मंद्रूपची भाषा बोलते. "आईचा तवा ठोकून आनला व्हय तुमी?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी चूक कळली, आणि फार वाईट वाटलं. पण चूक कळणं आणि ती मान्य करणं यात माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत बरंच अंतर असतं. ते अंतर मी पंख्याच्या बटणाकडे धावून कापलं. निदान पंखा तरी लागू दे! जी गोष्ट तिला चोवीस वर्षं हवी होती ती तरी मिळू दे! मी रेग्युलेटर थेट पाचवर नेला.

पंखा सुरू झाला. आणि परातीतलं पीठ उठलं.

पीठ उडतं. ही गोष्ट मी विज्ञानाचा शिक्षक असूनही विचारात घेतली नव्हती. गॅस विझतो म्हणून पंखा लावत नाहीत, इतकंच मला माहीत; भाकरी थापताना कोरडं पीठ पसरून ठेवावं लागतं हे कुणाला माहीत होतं? (सुनंदाला. पण तिला मी विचारलंच कुठे?) स्वयंपाकघरात पांढरा धुरळा उठला. सुनंदाचे केस पांढरे झाले, माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, आणि काळ्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर पिठाचा थर बसला.

त्या धुरळ्यातून तात्यांचा आवाज आला. "सुनंदा, मला समदं पांढरं दिसायलंय. डाक्टरनं बरा डोळा बिघडवला की काय?"

मी पंखा बंद केला. सुनंदाने त्यांचा चष्मा न काढता तसाच हलक्या हाताने पुसला. तात्यांना पुन्हा अंधूक दिसू लागलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांना भूक लागली होती म्हणून, केवळ म्हणूनच, तिने त्या तव्यावर भाकरी टाकली. ती चिकटली. खरवडून काढली, दुसरी टाकली. तीही चिकटली. तिसरी कशीबशी सुटली, पण फुगवायला जाळ कुठे होता? मी पुढे होऊन तवा उचलला आणि भाकरी थेट काचेवर ठेवली. शेगडीने एक लांब शिट्टी मारली आणि बंद पडली. काचेवर भाकरी निवांत पडून राहिली.

तात्यांनी हात पुढे केला. "तवा दावा हिकडं."

त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पिठामुळे नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"तुज्या आईनं बी असाच कोरा तवा घिऊन संसार मांडला," तात्या म्हणाले. "पयल्या वर्साच्या भाकरी समद्या चिकटायच्या. मी खाल्ल्या की. तवा परत खोलगट वळवून घ्या, आन रोज भाकरी टाकत ऱ्हावा. वरीसभरात हुतोय तयार."

सुनंदाने नाक पुसलं आणि विचारलं, "टाकायच्या कुणी?"

तात्यांनी काळा चष्मा माझ्या दिशेने वळवला. "ज्यानं ठोकला त्यानं."

मी विज्ञानाचा विषय काढणार होतो, पण काढला नाही.

लोहाराने तवा पुन्हा खोलगट करून दिला. तेव्हापासून भाकरी मी करतो. त्या इंडक्शनवर काठावर पास झालेल्या पातेल्यात दोन वेळचा चहा होतो. उरलेली अकरा बटणं मी दर दिवाळीला पंख्याबरोबर पुसणार आहे. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या भाकरी तात्यांनी तक्रार न करता खाल्ल्या. (डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्याचा फायदा झाला असावा.) आता त्या बऱ्यापैकी गोल होतात आणि चारातली एखादीच चिकटते.

परवा भर दुपारी मी गॅससमोर उभा होतो. पंखा अर्थातच बंद. कपाळावरचा घाम तव्यावर पडून चर्र वाजत होता. तेवढ्यात हॉलमधून सुनंदाचा आवाज आला, "अहो, झालं का? आणि पंखा जरा दोनवर करते हं, गार वाटायलंय."

कर म्हटलं. पंखा लावून स्वयंपाक व्हावा एवढीच तर तिची इच्छा होती, आणि ती मी पुरी केली आहे. पंखा तिकडे चालू आहे, स्वयंपाक इकडे.